उत्तर: फक्त लोअरिंग स्प्रिंग पुरतील का?

तुमची पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ (दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार) साधारण ४० मिमी खाली आणायची आहे आणि बजेटसाठी मूळ डॅम्परवर (शॉक अॅब्सॉर्बरवर) नुसत्या लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग, टाकायच्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. कळकळीने सांगतो, तसं करू नका. या गाडीत सस्पेन्शनला दबायला मुळातच जागा कमी. उंची घटली की डॅम्पर सारखा बंप स्टॉपवर, म्हणजे दांड्यावरच्या फोमच्या अडसरावर, टेकतो. मग वळणात खड्डा आला की चाक उडी मारतं. माझे जुने डॅम्पर उतरवले तेव्हा बंप स्टॉपचा फोम बोटांत पिठासारखा चुरला. तीस वर्षांच्या गाडीत दुसरं काय होणार!

चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी, म्हणून स्प्रिंग कडक हवी. आणि कडक स्प्रिंगची उसळी आवरायला रिबाउंड (स्प्रिंग परत उसळताना डॅम्पर करतो तो विरोध) जास्त असलेला डॅम्पर हवा. त्यामुळे दोन्ही जोडीनेच घ्या. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डॅम्परचा उंची बदलता येणारा एकत्र संच) घेणार असाल तर खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलता येईल असा बघा, म्हणजे स्ट्रोक (डॅम्परचा दांडा आत-बाहेर होण्याचं अंतर) तसाच राहतो. शिवाय पुढच्या पिढीचे, २००१ नंतरचे टॉप माउंट (डॅम्परचं वरचं टोक बॉडीला जोडणारे भाग) बसवले की थोडी जागा आणखी मिळते.

एक गोष्ट बरेच मेकॅनिक विसरतात. विशबोनचे (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळू नका. चाकं जमिनीवर, नव्या उंचीला आणूनच आवळा, नाहीतर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. चाकांचे कोन जुळवायचे, म्हणजे अलाइनमेंट, त्यानंतर. थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) चालेल, टायर खातो तो चुकलेला टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं).

२५ मिमीवर थांबलात तर जास्त बरं.