शब्दचर्चा: 'ऑल्टरनेटिव्ह रॉक'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: 'ऑल्टरनेटिव्ह रॉक बँड मुख्य प्रवाहात आले' या विषयावरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. 'पर्यायी रॉक' कानाला खटकतं. दुसरा शब्द सुचवाल का? आणि 'लूझिंग माय रिलिजन' या गाण्याच्या नावाला 'धर्म हरवताना' चालेल?

उत्तर: 'पर्यायी' नकोच. रस्ता खणला की 'पर्यायी मार्ग' अशी पाटी लागते, म्हणजे नेहमीचा बंद आहे, नाइलाजाने इकडून जा. हे बँड कुणाची अडचण भागवायला उभे राहिले नव्हते. १९८०च्या दशकात अमेरिकेतली मोठी रेडिओ स्टेशनं त्यांना फारशी वाजवत नसत. कॉलेजांची रेडिओ केंद्रं, छोट्या रेकॉर्ड कंपन्या आणि लहान क्लब यांच्या जोरावर त्यांनी आपला श्रोता जमवला. आपल्याकडे अशा वाटचालीला 'समांतर' म्हणतात: समांतर सिनेमा, समांतर रंगभूमी. मी तोच शब्द घेईन.

'धर्म हरवताना' मात्र साफ चुकेल. हे गाणं आर.ई.एम. या बँडचं, आणि तो बँड अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा. अमेरिकेच्या दक्षिण भागात 'लूझिंग माय रिलिजन' हा वाक्प्रचार संयम सुटणं, अगदी टेकीला येणं या अर्थाने वापरतात. गाणं एकतर्फी ओढीचं आहे, त्यात धर्माचा काही संबंध नाही. बँडचा गिटारिस्ट पीटर बक मँडोलिन शिकत होता. टीव्ही बघता बघता छेडलेल्या सुरांतून ही धून निघाली. १९९१ साली मँडोलिनवर उभं असलेलं, रूढ ध्रुवपद नसलेलं हे गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. मला तर आजही त्या पहिल्या चार सुरांनी भरून येतं.

प्रश्न: पण समांतर रेषा एकमेकींना मिळत नाहीत. हे तर मिळाले!

उत्तर: खरं आहे, आणि तिथेच शब्दाचा अर्थ बदलला. सप्टेंबर १९९१मध्ये निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला. कंपनीने अमेरिकेत सुरुवातीला जेमतेम ४६ हजार प्रती पाठवल्या होत्या. जानेवारी १९९२मध्ये त्याच अल्बमने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या क्रमांकावरून खाली आणलं. त्यानंतर 'ऑल्टरनेटिव्ह' हे परिस्थितीचं वर्णन उरलं नाही, एका शैलीचं नाव झालं. नवकविता कितीही जुनी झाली तरी नवकविताच, तसं. म्हणून १९९१पर्यंतच्या भागात 'समांतर' लिहा, पुढे सरळ 'ऑल्टरनेटिव्ह' ठेवा.

'मुख्य प्रवाहात आले' हेही तपासा. मराठीत हा प्रयोग आपण शस्त्रं खाली ठेवणाऱ्यांसाठी करतो, त्यात शरणागतीची छटा येते. आर.ई.एम.ने १९८८मध्ये वॉर्नर या मोठ्या कंपनीशी करार केला, तिथे 'आले' एक वेळ चालेल. निर्वाणाच्या बाबतीत मी 'लोकांनी उचलून धरलं' असं लिहीन.