सोफा ओरबाडणाऱ्या मांजरासाठी वासाचे उपाय खरंच चालतात का?

ठाण्याची_माऊवाली:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दीड वर्षाची मांजर आहे, छकुली, देशीच, पार्किंगमधून उचलून आणलेली. बाकी गुणी आहे हो, पण सोफ्याच्या हाताची पार वाट लावलीय, कोपऱ्यातून फोम बाहेर आलाय. सासूबाई म्हणतात सोफ्याखाली डांबरगोळ्या ठेव, नवरा म्हणतो निलगिरी तेल पाण्यात घालून फवार, यूट्यूबवर तर संत्र्याची सालं काय, व्हिनेगर काय, कॉफी काय, डोकं फिरायची वेळ आलीय. स्क्रॅचिंग पोस्ट (मांजराने नखं घासायचा खांब) ऑनलाइन मागवला तर त्याकडे ढुंकून बघत नाही. दिवाळीला नवीन सोफा घ्यायचाय त्याआधी हे थांबायला हवं. कोणी वासाचं काही करून बघितलंय का? तिला त्रास होणार नाही असं सांगा.

बोकोबा_पुणे:
डांबरगोळ्या अजिबात नको!! बाकीचं जाणकार सांगतीलच, पण ठेवल्या असतील तर आत्ता उठून काढा आधी.

रानमांजर:
बोकोबांना +१. ताई, मी डॉक्टर नाही पण रेस्क्यूचं काम करते त्यामुळे हे नेहमी बघावं लागतं. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन विषारी असतं, नुसत्या वासाने दूर राहील म्हणून ठेवायची आणि ही पंजाने खेळत बसणार. निलगिरीचंही तेच. मांजराच्या लिव्हरमधे काही रसायनं फोडून बाहेर टाकणारं एन्झाइम जवळजवळ नसल्यातच जमा असतं, म्हणून तर पॅरासिटामॉलची गोळी आपल्याला चालते आणि मांजराचा जीव घेते. निलगिरी, टी ट्री, सिट्रोनेला, पेपरमिंट, लवंग, दालचिनी, ही सगळी तेलं त्याच यादीत. सोफ्यावर मारलं की ते पंजाला आणि अंगाला लागतं, मग चाटून पोटात. लाळ गळणं, थरथर, झोकांड्या खात चालणं, असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत न बसता सरळ व्हेट गाठायचा. कापूर पण नको. आणि विषय निघालाच आहे तर, लादी पुसायला फिनाईल किंवा पाण्यात टाकलं की दुधाळ होणारं डेटॉलसारखं काही वापरत असाल तर तेही बंद करा, मांजरं ओल्या लादीवरून चालतात आणि नंतर पाय चाटतात. हे कोणी सांगतच नाही.

संत्रानगरी:
आमच्या नागपुरात हिवाळ्यात सालांचा तोटा नाही त्यामुळे हा प्रयोग झालेला आहे 😄 संत्र्याची ताजी साल सोफ्याच्या हातावर चोळायची, नाहीतर मलमलच्या फडक्यात पुरचुंडी करून कोपऱ्याला अडकवायची. बोका नाक वर करून तोंड फिरवून निघून जातो, बघण्यासारखं असतं. पण साल वाळली की संपलं, रोज नवीन लागते, पावसाळ्यात तर बुरशी धरते. फिकट कापडावर चोळू नका, डाग राहतो. बाटलीतलं संत्र्याचं तेल मात्र वापरू नका, ते फार कडक, वर सांगितलेल्या तेलांसारखंच. पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून चालतं, मागच्या बाजूला थोडं लावून रंग जातोय का बघा आधी. घरभर लोणच्याच्या बरणीचा वास येतो तेवढं सोसा. कॉफी नको, चाटली तर कॅफीन पोटात जातं.
आणि खरं सांगायचं तर आमचा बोका सोफा सोडून पडद्यावर गेला.

सुंभ_आणि_पीळ:
पडद्यावर जाणारच! वासाने जागा बदलते, खोड जात नाही, कारण ती खोड नाहीच मुळी. नखाची वरची जुनी साल निघावी म्हणून, झोपून उठल्यावर अंग ताणायला, आणि पंज्यातल्या ग्रंथींचा वास लावून 'ही जागा माझी' सांगायला मांजर नखं मारतं. म्हणून एकदा ओरबाडलेल्या जागी परत परत येतं. ती जागा आधी साबणाच्या पाण्याने नीट पुसा, मगच सालं नि व्हिनेगर.
आता पोस्टचं. ऑनलाइन मिळतात ते बहुतेक दीड-दोन फुटी असतात आणि हात लावला तरी डुगडुगतात, एकदा हलला की मांजर परत त्याच्या वाटेला जात नाही. छकुली मागच्या पायावर उभी राहून पूर्ण ताणली तर किती उंच जाते बघा, तेवढा हवा, साधारण तीन फूट. मी घरीच केला: चार इंची पीव्हीसी पाइप, त्यावर घायपाताची दोरी (ऑनलाइन सिसल म्हणून विकतात ती, आमच्याकडे बोहरी आळीत मिळते) फेव्हिकॉल लावून घट्ट गुंडाळली, एकेक फेरा मागच्याला चिकटवून, मधे फट ठेवली की नख अडकतं. खाली प्लायवूड, आणि त्यावर वजन म्हणून आईचा जुना पाटा, आता म्हैस धडकली तरी हलणार नाही. हा पोस्ट गॅलरीत किंवा कोपऱ्यात नाही ठेवायचा, सोफ्याच्या त्याच हाताला चिकटून ठेवायचा. सोफ्याला नावडता वास, पोस्टला आवडता. महिना-दोन महिने तिथे रमली की मग रोज वीतभर सरकवत न्या हवा तिकडे.

कोकणी_मांजरप्रेमी:
आवडता वास म्हणजे कॅटनिप, मांजरांना वेड लावणारी पुदिन्याच्या जातीची वनस्पती, पण तीनातल्या एखाद्या मांजराला त्याचं काहीच वाटत नाही, उपजतच असतं ते, छकुली त्यातली निघाली तर पैसे वाया. आपल्याकडे खोकली नावाचं तण उगवतं पावसाळ्यात कुंपणाकडेला, त्याची ताजी मुळी उपटली की गावची मांजरं वेड्यासारखी लोळतात तिच्यावर. पोस्टला चोळून बघा. खायला मात्र द्यायची नाही, चोळून झाली की फेकून द्या.

ठाण्याची_माऊवाली:
बापरे केवढं सांगितलंत सगळ्यांनी, खूप आभार! डांबरगोळ्या काढल्या, फिनाईल पण बंद. पोस्ट खरंच डुगडुगतो आणि मी तो बेडरूमच्या दारामागे ठेवला होता 🙈 एकच विचारायचंय, नवीन सोफ्याला कापड कुठलं घेऊ?

सुंभ_आणि_पीळ:
जाड विणीचं नको, ज्यूटसारखं खरखरीतही नको, नख रुततं आणि मजा येते त्यांना. रेक्झीनला भोकं पडतात. घट्ट विणीचं मखमली किंवा मायक्रोफायबर बघा. आणि सोफा यायच्या आधी पोस्ट सवयीचा व्हायला हवा, दिवाळीला वेळ आहे अजून.

बोकोबा_पुणे:
नखांची टोकं पण कापत जा दोन-तीन आठवड्यांनी, नुसतं पुढचं पांढरं टोक, गुलाबी भागाला लावायचं नाही. झोपेत असताना एका पंजाचीच, चारही एकदम करायला जाल तर तुमचंच सोफ्यासारखं होईल.