बुलडॉग्जनी यंदा ट्रेड आणि ड्राफ्टमध्ये कोणाला शोधावं?

टार्नीटकर

नमस्कार मंडळी. आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमध्ये राहतो, येऊन सहा वर्षं झाली. सुरुवातीला घरात फक्त क्रिकेट चालायचं. मग मुलगी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळायला लागली, आणि आता तिच्या खोलीत वेस्टर्न बुलडॉग्ज या क्लबाच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाशिवाय दुसरं काही दिसत नाही. तिच्यामुळे मीही पुरता अडकलो.

यंदा, म्हणजे २०२५ ला, २३ पैकी १४ सामने जिंकूनही आपण नववे आलो. यंदा फायनल्सला पहिले आठच गेले. शेवटच्या साखळी सामन्यात फ्रीमँटलकडून हरलो, तेव्हा आम्ही दोघं मार्व्हल स्टेडियमवर होतो. सदर्न क्रॉसहून परतीच्या व्हीलाइनच्या गाडीत पोरगी एक शब्द बोलली नाही.

सोमवारी ट्रेडचा, म्हणजे क्लबांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचा, बाजार उघडतोय आणि नोव्हेंबरात ड्राफ्ट आहे, म्हणजे क्लबांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडायचे. तिने फ्रिजवर यादी लावली आहे: एक मोठा नावाजलेला उंच फॉरवर्ड, एक चपळ छोटा फॉरवर्ड, आणि एक मिडफील्डर. मोठ्या फॉरवर्डपुढे तिने कंसात 'टॉम बॉइडसारखा' असं लिहिलंय, कारण २०१६ च्या ग्रँड फायनलमधला त्याचा तो लांबून मारलेला गोल तिने शंभरदा पाहिलाय. मलाही वाटतं की गोल मारणारा माणूस आणावा. इथे जुनी जाणकार माणसं आहेत, म्हणून विचारतो: क्लबाने आधी काय शोधायला हवं?

पर्थचा_पक्या

मी फ्रीमँटलवाला, तरी मनापासून सांगतो. तुमच्याकडे नॉटन आणि सॅम डार्सी असताना तिसरा उंच फॉरवर्ड कशाला? चेंडू जमिनीवर पडला की तो उचलून पळणारी, प्रतिस्पर्ध्याला चेंडू बाहेर काढू न देणारी बारकी पोरं पाहिजेत. मुलीच्या यादीतली दुसरी ओळ बरोबर आहे.

मिरजेची_ट्रेनर

टार्नीटकर, तुमच्या लेकीला आधी माझा नमस्कार सांगा. फ्रिजवर यादी लावणारी मुलगी आमच्याच जातकुळीतली.

मी सनशाइनला राहते, २००६ पासून. इथल्या एका क्लबात १६ वर्षांखालच्या मुलांच्या संघाची ट्रेनर आहे. ट्रेनर म्हणजे कोच नव्हे. मुलांचे घोटे आणि बोटं टेपने बांधायची, पाणी द्यायचं, डोक्याला मार लागला तर पोराला हाताला धरून बाहेर आणायचं, हे माझं काम. त्यामुळे खेळ मी कडेला उभी राहून, फार जवळून पाहते.

माझं मत एकच आहे, मागची फळी. आधी उंच बचावपटू, मग बाकी सगळं.

यंदा आपण गोल मारण्यात कमी पडलोच नाही. गुणांची टक्केवारी (आपण केलेले गुण भागिले समोरच्यांनी केलेले) १३० च्या वर होती, त्याच्या खालच्या टक्केवारीचे कितीतरी संघ फायनल्स खेळले. खालच्या संघांना आपण धू धू धुतलं. वरच्या आठांशी गाठ पडली की बहुतेक वेळा हरलो, कारण त्यांचे उंच फॉरवर्ड आपल्या गोलासमोर चेंडू वरच्या वर झेलायचे आणि आपल्याकडे त्यांच्या तोडीचं शरीर एखाद-दुसरंच असायचं. रोरी लॉब मुळात फॉरवर्ड. २०२४ ला त्याला मागे नेलं आणि त्याने ती जागा सोन्याची केली. पण तो ३२ वर्षांचा आहे. लियम जोन्स ३४ चा. या दोघांच्या खांद्यावर आणखी किती वर्षं भार टाकायचा?

माझे वडील मिरजेत कबड्डी खेळायचे, डावा कोपरा. पेपरात नाव यायचं ते चढाई करणाऱ्याचं. वडील म्हणायचे, कोपऱ्याने घोटा धरला तरी शेजारच्या कव्हरने वेळेवर अंगावर पडलं नाही, तर चढाईवाला कोपऱ्याला ओढत रेषेपार नेतो. फुटीत मागच्या फळीचं अगदी असंच आहे. एक चांगला बचावपटू पुरत नाही, त्याच्या शेजारी दुसरा लागतो, म्हणजे पहिला आपला माणूस सोडून मदतीला धावू शकतो. लॉब उत्तम झेल घेतो तो मोकळा असतो तेव्हा. समोरच्या सर्वांत धिप्पाड फॉरवर्डला अंगाने रोखायचं काम त्यालाच दिलं, की त्याचा अर्धा खेळ संपतो.

आता तुम्ही म्हणाल, ड्राफ्टमधून एखादं उंच पोर घ्यावं. घ्यावंच, पण ते लगेच उपयोगी पडेल असं धरू नये. २०२२ ला १३ व्या क्रमांकावर जेड बसलिंगर घेतला, उंच बचावपटू, हुशार मुलगा. खांद्याच्या दुखण्याने त्याला मागे खेचलं. अठरा वर्षांच्या मुलाचं अंग भरायला चार-पाच वर्षं जातात. आमच्या १६ खालच्या संघातल्या फुलबॅकची, म्हणजे गोलासमोरच्या शेवटच्या बचावपटूची, मी दर शनिवारी करंगळी आणि अनामिका एकत्र बांधते, कारण तो मुठीने चेंडू उडवतो. जूनमधल्या एका सकाळी पाऊस होता, चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटत होता. समोरचा फॉरवर्ड त्याच्यापेक्षा डोकंभर उंच. चेंडू आला, दोघं उडाले. आमच्या पोराने झेल घ्यायचा प्रयत्नच केला नाही, त्या लांब हातांच्या मधून मूठ घातली आणि चेंडू सीमेबाहेर घालवला. टाळ्या वाजवल्या त्या दोन जणांनी, त्याच्या आईने आणि मी. मध्यांतरात टेप सोडली तर करंगळी वांग्यासारखी जांभळी. पुन्हा बांधली, पुन्हा गेला. दुसऱ्या अर्ध्यात त्याला अंगाने इतकं रेटलं की तो चार वेळा मागे कोसळला. काळीज वाघाचं, पण शरीर अजून पोराचं. हाच फरक वरच्या पातळीवरही असतो.

म्हणून माझी मागणी दोन भागांत आहे. ट्रेडमधून २४ ते २८ वयाचा तयार उंच बचावपटू. आणि ड्राफ्टमध्ये मागच्या क्रमांकांवर व्हीएफएलमध्ये, म्हणजे आपल्या लीगच्या खालच्या स्पर्धेत, दोन-चार वर्षं मोठ्या माणसांशी झुंजलेला खेळाडू. आपल्या क्लबाला हे जमतं. गेल्या वर्षी ५१ व्या क्रमांकावर घेतलेला सॅम डेव्हिडसन मेडिकलचा विद्यार्थी होता, शाळेतून थेट आलेला पोरगा नव्हे, आणि यंदा पहिल्याच हंगामात सीनियर संघात खेळला. जेम्स ओडॉनेल तर आधी क्रिकेट खेळायचा. त्याचे वडील सायमन ओडॉनेल, १९८७ चा विश्वचषक जिंकलेल्या ऑस्ट्रेलियाच्या संघातले, सेंट किल्डाकडून फुटीही खेळलेले. ड्राफ्ट न होता २०२२ च्या मध्यात आलेला हा मुलगा आज आपल्या मागच्या फळीत उभा आहे. अशी माणसं शोधायला डोळस माणूस थंडीत मैदानावर पाठवावा लागतो, मोठा सौदा लागत नाही.

पक्या, तुमचं छोट्या फॉरवर्डचं म्हणणं मला पटतं. माझ्या यादीत ते दुसरं.

आणि टार्नीटकर, बॉइडचा तो गोल. लेकीला सांगा, चित्रफीत पाच-सात सेकंद मागे न्या. सिडनीच्या लान्स फ्रँकलिनच्या हातात चेंडू आहे, आणि डेल मॉरिस त्याला मागून धरून खाली पाडतो. चेंडू सुटतो, तो बॉइडला मिळतो, आणि मग तो लांबचा फटका. म्हणजे तो गोल उभा राहिला एका बचावपटूच्या मिठीतून. मॉरिसच्या पाठीच्या मणक्यांना तेव्हा फ्रॅक्चर होतं, ते नंतर कळलं. हा माणूस क्लबाला कुठे सापडला? तुमच्या टार्नीटच्या शेजारी, वेरिबीत. व्हीएफएलमध्ये वेरिबीकडून खेळत होता, आपण रूकी, म्हणजे नवख्यांच्या, यादीत घेतला, आणि तो २५३ सामने खेळला.

कोथरूडचा_प्रेक्षक

पुण्याहून वाचतोय, खेळ नवा आहे. एक शंका. आयपीएलसारखी सरळ बोली का लावत नाहीत? चांगला बचावपटू हवा तर पैसे ओतून घ्यावा.

मिरजेची_ट्रेनर

पैशाला वेतनमर्यादा आहे, सगळ्या १८ क्लबांना सारखी. आणि ट्रेडमध्ये क्लब एकमेकांना रोकड देत नाहीत. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, किंवा ड्राफ्टमधला क्रमांक. पुढच्या वर्षीचा क्रमांकही आजच देऊन टाकता येतो, मला धास्ती आहे ती त्याचीच. शिवाय खेळाडूची संमती नसेल तर त्याला हलवता येत नाही.

बॉइडचंच पाहा. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला होता, जीडब्ल्यूएस क्लबाकडे. वर्षभरात आपण त्याला आणलं, आणि बदल्यात आपला कप्तान रायन ग्रिफिन आणि सहावा क्रमांक दिला. २०१६ चा चषक आला, त्या सौद्याचं सार्थक झालं, मी ते कधीच नाकारणार नाही. पण १९ वर्षांच्या मुलावर केवढं ओझं टाकलं आपण! २३ व्या वर्षी तो निवृत्त झाला आणि मनाच्या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलला. माझ्या संघातल्या पोरांची वयं पाहते तेव्हा मला हे आठवतं.

क्रमांक कसे खर्ची पडतात तेही सांगते. वडील क्लबाकडून १०० सामने खेळले असतील तर मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क, पण फुकट नाही. ड्राफ्टच्या प्रत्येक क्रमांकाला ठरावीक गुण असतात; दुसऱ्या क्लबाने बोली लावली की त्या क्रमांकाचे गुण आपल्या क्रमांकांतून भरून द्यावे लागतात. सॅम डार्सीवर २०२१ ला दुसऱ्या क्रमांकाची बोली लागली. त्याचे २५१७ गुण, तेव्हाची २० टक्के सूट वजा जाता दोन हजारांच्या वर भरले. आदल्या वर्षी क्लबाच्या अकादमीतून आलेल्या जमारा यूगल-हेगनसाठी पहिल्या क्रमांकाचे ३००० गुण, तसेच सूट वजा करून. दोन वर्षं तिजोरी दोन उंच फॉरवर्डांवर रिकामी झाली, आणि मागच्या फळीसाठी उरली ती तळाची चिल्लर. डार्सीबद्दल माझी काही तक्रार नाही, तो हिरा आहे. जमारा यंदा सीनियर संघाकडून एकही सामना खेळला नाही. तो जिथे जाईल तिथे सुखी राहो. पण यंदा, २०२५ ला, सूट फक्त १० टक्के आहे, म्हणजे असे सौदे आणखी महाग.

म्हणून म्हणते, तयार बचावपटूसाठी या वर्षीचा पहिला क्रमांक द्यायला माझी ना नाही. पुढच्या वर्षीचाही सोबत मागितला तर उठून यावं.

पर्थचा_पक्या

हे पटलं. मग मिडफील्डचं काय? गेल्या वर्षी बेली स्मिथ, मॅक्रे आणि डॅनियल तिघं एकदम गेले.

मिरजेची_ट्रेनर

गेले, आणि मला अजून लागतं. २७ सप्टेंबरच्या ग्रँड फायनलमध्ये एका बाजूला जिलाँगकडून स्मिथ, दुसऱ्या बाजूला ब्रिस्बेनकडून जोश डंकली. दोघंही आमच्या क्लबाच्या मैदानावर, विटन ओव्हलवर वाढलेले. मी पूर्ण सामना धड बसून पाहू शकले नाही.

पण बॉन्टेम्पेली आहे, एड रिचर्ड्स यंदा ऑल-ऑस्ट्रेलियन झाला (वर्षातल्या सर्वोत्तम संघात निवडला गेला), लिबा म्हणजे टॉम लिबरटोर अजून चिवट आहे, सँडर्स हळूहळू मोठा होतोय. शिवाय फुटस्क्रेच्या, म्हणजे आपल्याच राखीव, संघाने यंदा व्हीएफएलचा चषक जिंकला, म्हणजे खालून वर येणारी पोरं आहेत. मिडफील्ड वर्षभर थांबू शकतं.

टार्नीटकर

आत्ता जेवण झाल्यावर आम्ही तिघांनी ती चित्रफीत पाहिली. लेकीने मॉरिस येतो तिथे थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली, असं किती वेळा केलं मोजलं नाही. मग उठून फ्रिजवरची पहिली ओळ खोडली आणि तिथे 'उंच बचावपटू' लिहिलं. छोटा फॉरवर्ड तसाच ठेवलाय, पक्यासाठी.

ताई, तिचा एक प्रश्न आहे. पुढच्या हंगामात तिला मागे खेळायचंय, बोटं बांधायला कुठली टेप घ्यायची विचारतेय.

मिरजेची_ट्रेनर

औषधांच्या दुकानात ताणली न जाणारी, झिंक ऑक्साइडची पांढरी टेप मिळते. घोट्यासाठी ३८ मिमी रुंद, तीच हाताने उभी फाडली की बोटांना होते. दोन बोटांमध्ये कापसाची पातळ घडी ठेवायची, टेप पेरांच्या मधल्या भागावर लावायची, सांधे मोकळे. मूठ वळते का पाहायचं. वळली नाही तर सोडून पुन्हा बांधायची. नखं निळी दिसली तर लगेच काढायची. मार्चमध्ये सराव सुरू झाला की तिला एका शनिवारी सनशाइनला घेऊन या, मी दाखवते.