खारघर ते लोअर परळ: रोज गाडीने जायचं तर कुठला रस्ता धरावा?

उत्सवचौक

पुढच्या महिन्यापासून ऑफिस लोअर परळला, सेनापती बापट मार्गावर. घर खारघर सेक्टर १२. पेट्रोल हॅचबॅक, आठवड्याचे पाच दिवस, साडेनऊला जागेवर हजर. निघायचं साधारण सात-सव्वासातला, संध्याकाळी सुटका साडेसहाला. ऑफिसात पार्किंग आहे.

मॅपवर तीन पर्याय दिसतात:
१. वाशी, मानखुर्द, चेंबूर, सायन, दादर, परळ
२. वाशी, मानखुर्द, पांजरपोळला ईस्टर्न फ्रीवे, वडाळ्याला उतरून परळ
३. बेलापूर, उलवे, अटल सेतू, शिवडी, परळ

पहिल्या दोन्हींचं अंतर ३३-३५ किमी, तिसऱ्याचं ३८-४०. या रविवारी तिन्ही रस्त्यांवर गाडी फिरवून बघायचा विचार आहे. सेतूचा मासिक पास काढावा का? आणि कधीमधी स्कूटर न्यायची झाली तर?

---

शिंगटेमास्तर

रविवारी फिरवून काही कळणार नाही, पेट्रोल तेवढं जाईल. रविवारी वाशीचा पूलही मोकळा असतो आणि लालबागही.

तुमच्या तिन्ही पर्यायांचा जीव शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये अडकलाय, आणि ते तीन किलोमीटर तिन्हींना जवळजवळ सारखेच आहेत. मॅपवर बघताना लोक वाशी की सेतू यावरच भांडत बसतात. खरा प्रश्न परळहून रेल्वेच्या पलीकडे कसं जायचं हा आहे.

प्रभादेवीचा पूल, जुना एल्फिन्स्टन, १२ सप्टेंबर २०२५ पासून बंद आहे. तो मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे एका दमात ओलांडायचा, कारण परळ आणि प्रभादेवी स्टेशनं शेजारी-शेजारी आहेत. आता एकाऐवजी दोन पूल घ्यावे लागतात: मध्य रेल्वेसाठी करी रोडचा आणि पश्चिम रेल्वेसाठी डिलाइलचा. मधला तुकडा ना. म. जोशी मार्गाचा.

करी रोडचा पूल वेळेनुसार एकेरी असतो. सकाळी ७ ते दुपारी ३ पूर्वेच्या भारतमाता सिग्नलकडून पश्चिमेच्या शिंगटे मास्तर चौकाकडे, दुपारी ३ ते रात्री ११ उलट दिशेने. रात्री ११ ते सकाळी ७ दोन्हीकडून. तुमच्या वेळा याला फिट बसतात: सकाळी जाताना दिशा तुमची, संध्याकाळी येतानाही तुमची. पण हाफ डे टाकून दीड वाजता निघालात तर हा पूल तुम्हाला बंद. मग चिंचपोकळीचा नाहीतर दादरचा टिळक पूल, आणि दोन्हींकडे प्रभादेवीची वळवलेली गर्दी आधीच येऊन बसलेली असते. मॅप अशी वेळेची एकेरी वाहतूक कधी बरोबर दाखवतो, कधी नाही. चौकातला फलक वाचून वळा, पोलीस वेळा बदलतातही.

सकाळचा क्रम असा: शिवडीकडून आचार्य दोंदे मार्गाने केईएमपाशी या, डॉ. आंबेडकर रोडला डावीकडे वळा, आणि लालबागच्या उड्डाणपुलावर चढू नका. खालचा रस्ता धरा. चढलात की भारतमाता पायाखालून जातो आणि तुम्ही थेट भायखळ्याला जिजामाता उद्यानापाशी उतरता, म्हणजे वीस मिनिटांना चाट. खालून भारतमाताच्या सिग्नलला उजवीकडे वळलं की करी रोडचा पूल, मग शिंगटे मास्तर चौक, जोशी मार्ग, डिलाइल पूल आणि पलीकडे सेनापती बापट मार्ग.

---

हिशेबाचीवही

पैशांचं मी सांगतो.

वाशी टोलनाक्यावर कारला टोल नाही. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर (वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर) हलक्या वाहनांना माफ आहे. म्हणजे पर्याय १ आणि २ चा टोल शून्य.

अटल सेतूचा पूर्ण एकेरी दर कारला २५० रुपये आणि जाऊन-येऊन ३७५. पण तुम्ही उलव्याजवळ शिवाजीनगरच्या इंटरचेंजवरून चढणार, गव्हाणहून नाही. तिथून शिवडी २०० एकेरी आणि जाऊन-येऊन ३००. पहिल्याच दिवशी फास्टॅगचे दोन्ही मेसेज बघा. परतीला १०० कापले तर ठीक. २०० कापले असतील तर लगेच तक्रार टाका, महिनाभराने कोणी ऐकून घेत नाही.

मासिक पास काढू नका. पूर्ण सेतूचा पास १२,५०० चा आहे. म्हणजे २५० च्या पन्नास फेऱ्या. महिन्यात कामाचे दिवस २२ धरले तर परतीच्या दराने पूर्ण सेतूचे ३७५ × २२ = ८,२५० होतात, तुमच्या टप्प्याचे ३०० × २२ = ६,६००. परतीच्या दरात पास वसूल व्हायला महिन्यात ३४ दिवस जावं लागेल. कॅलेंडरात तेवढे दिवस नाहीत.

२०२५ मध्ये तीन हजारांना जो वार्षिक फास्टॅग पास निघाला (२०० फेऱ्या किंवा एक वर्ष), तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरता आहे. सेतूवर चालत नाही. तो घेऊन सेतूवर जाल तर टोल नेहमीसारखाच कापला जाईल.

पेट्रोलमध्ये फरक पडत नाही, याचं लोकांना आश्चर्य वाटतं. वाशीमार्गे रोजचे ६८ किमी, रांगेतलं ॲव्हरेज १४ धरलं तर ४.९ लिटर. सेतूमार्गे ७८ किमी, पण बराच रस्ता एका लयीत, म्हणून १७ धरा; ४.६ लिटर. लिटरला १०४ ने हिशेब केला तर ५०५ विरुद्ध ४७७. म्हणजे लांबच्या रस्त्याला पेट्रोल थोडं कमीच. सेतूचा खरा जादा खर्च दिवसाला पावणेतीनशेच्या आसपास. सेतूने रोजचा जो वेळ वाचेल तो त्या किमतीचा आहे का, ते तुम्ही ठरवा.

पुढेमागे गाडी बदलायचा विचार असेल तर: विजेवरच्या कारला सेतूवर टोल माफ आहे, ऑगस्ट २०२५ पासून. मग हा सगळा हिशेब उलटा होतो.

---

उत्सवचौक

पासचं हे गणित डोक्यातच आलं नव्हतं, आभार. पण पर्याय २ कोणी बोलतच नाही? फुकट आहे आणि फ्रीवे मोकळा असतो असं ऐकलंय. आणि स्कूटरचं राहिलं.

---

पांजरपोळ

स्कूटर ना सेतूवर चालते ना फ्रीवेवर. दोन्हीकडे दुचाकीला बंदी. स्कूटरला पर्याय १ च उरतो. मॅपमध्ये स्कूटरसाठी दुचाकीचं चित्र निवडा. कारवर ठेवलंत तर तो तुम्हाला बिनधास्त फ्रीवेच्या तोंडाशी आणून सोडेल.

फ्रीवे मोकळा असतो हे खरं, पण तो फोर्टला जाणाऱ्याच्या कामाचा. १६.८ किलोमीटरचा रस्ता ऑरेंज गेटपर्यंत जातो, तुम्हाला त्यातला तुकडाच वापरायचाय. पांजरपोळला चढायचं, आणिकचा बोगदा ओलांडून भक्ती पार्कला उतरायचं, मग वडाळ्यातून रफी अहमद किडवई मार्गाने शिवडी-परळ. चेंबूर ते सायन वाचतं, दादर वाचतं. पण पांजरपोळला पोचेपर्यंतची कटकट (सानपाडा, वाशी, खाडीपूल, मानखुर्दचा टी जंक्शन) तशीच. खाडीवर तिसरा पूल झाल्यापासून पूल स्वतः फारसा अडत नाही, अडतो तो मानखुर्दला. पुलाच्या लेन वाढल्या आणि पुढचा सिग्नल तोच राहिला, म्हणजे रांग पुलावरून सरकून मानखुर्दच्या तोंडाशी येते.

पर्याय १ आणि २ मधला निर्णय गाडी चालवतानाच घ्या. मानखुर्द ओलांडताना पुढची स्थिती बघायची, पांजरपोळपर्यंत वेळ असतो. पण १/२ की ३ हा निर्णय बेलापूरच्या आतच झाला पाहिजे. कोकण भवनाच्या आसपास महामार्ग सोडून किल्ला जंक्शन आणि आम्र मार्गाने उलव्याकडे वळायचं असतं. तो फाटा गेला की पुढे तुर्भ्याला लाल रेघ दिसली तरी उपयोग नाही. म्हणून मॅप घरातून निघताना नाही, खारघरच्या बाहेर पडता पडता बघायचा. दोन मिनिटं गाडी बाजूला लावा हवं तर.

सेतूवर कारला कमाल १०० आणि चढ-उताराच्या रॅम्पवर ४०, कॅमेरे भरपूर आहेत. मधे थांबायला बंदी, पंपही नाही. टाकी रिझर्व्हवर असेल तर बेलापूरला भरून घ्या. शिवडीला उतरताना फाटे फुटतात. ‘मेसेंट रोड’ची पाटी शोधा. फ्रीवेच्या रॅम्पवर गेलात तर ऑरेंज गेटकडे निघालात समजा.

---

घड्याळजी

रस्ता मोजायचा कसा, हे कोणी लिहिलं नाही म्हणून.

आधी घरी बसून: मॅपमध्ये ‘पोहोचण्याची वेळ’ ९:१५ घाला (९:३० नको, बेसमेंटची रांग आणि लिफ्ट मॅपला दिसत नाही) आणि वार बदलून बघा. सोमवार आणि शुक्रवार फसवे असतात, मंगळवार ते गुरुवार खरे. तिथे एक आकडा न देता ‘१ तास १० ते १ तास ५०’ असं येतं. उजवीकडचा आकडा तुमचा. डावीकडचा विसरून जा.

मग प्रत्यक्ष. रुजू व्हायच्या आधी एखाद्या बुधवारी खऱ्या वेळेला एकदा, आणि नंतर पहिले दहा दिवस नोंद. नोंद फक्त पाच जागांची: घरचं गेट, बेलापूरचा फाटा, शिवडी उतार (किंवा पांजरपोळ), भारतमाताचा सिग्नल, पार्किंगमध्ये इंजिन बंद. फोनवर बोलून टाका, सिग्नलला टाइप करत बसू नका. नुसता एकूण वेळ लिहिला तर उशीर कुठे झाला ते कळत नाही, आणि मग माणूस चुकीचा तुकडा बदलतो. सेतूवर तीन मिनिटं कमावून भारतमाताला अठरा घालवणारे पुष्कळ.

दहा दिवसांची सरासरी काढू नका. दहा आकडे चढत्या क्रमाने लावा आणि नववा घ्या, म्हणजे दुसरा वाईट. त्या आकड्यावर घरातून निघायची वेळ ठरवा. दहावा हा अपघाताचा किंवा व्हीआयपी ताफ्याचा दिवस असतो, त्याला कोणी पुरा पडत नाही. दोन रस्त्यांची सरासरी सारखी आली तर ज्याचा नववा आकडा लहान तो घ्यायचा. साहेबाला सरासरी दिसत नाही, उशीर दिसतो.

निघायची वेळ बदलून बघाच: ७:००, ७:१५, ७:३०. या रस्त्यावर पंधरा मिनिटं लवकर निघाल्याने जेवढं मिळतं तेवढं रस्ता बदलून बहुतेक वेळा मिळत नाही. आणि जायचा-यायचा रस्ता एकच असला पाहिजे असं काही नाही. फक्त परतीच्या टोलची सवलत जाते हे लक्षात ठेवा: सेतू एकाच दिशेला वापरला तर ३०० चे २०० होतात, निम्मे नाही.

---

हिंदमाता

दोन गोष्टी राहिल्या.

पाऊस. पर्याय १ मध्ये किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट आणि पुढे हिंदमाता, दोन्ही ठिकाणी पाणी भरतं. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की तो रस्ता यादीतून काढा. शिवडीकडून येणारा रस्ता केईएमपाशी आंबेडकर रोडला लागतो, म्हणजे हिंदमाताच्या दक्षिणेला. तो खड्डा टळतो. जून ते सप्टेंबर पालिकेचं भरतीचं वेळापत्रक फोनमध्ये ठेवा, साडेचार मीटरच्या वरची भरती ऑफिसच्या वेळेत असेल तो दिवस आधीच खूण करून. सेतूवर मात्र पावसात आडवा वारा लागतो आणि समोरच्या गाडीच्या तुषारांनी काच पांढरी होते. शंभरची परवानगी आहे म्हणून शंभर नको, सत्तरला चला. वायपरचे रबर मे महिन्यातच बदला.

गणपती. त्या दहा दिवसांत लालबाग-भारतमाता विसरा. रस्ते बंद, वळवलेले, आणि उरलेल्यांवर माणसंच माणसं. शिंगटेमास्तरांनी दिलेला अख्खा क्रम त्या काळात बाद. गाडी खारघर स्टेशनला लावा, हार्बरने कुर्ला, तिथून मध्य रेल्वेने परळ, आणि पुढे चालत. परळ स्टेशनच्या गर्दीचा हिशेब वेगळा धरा.

---

शिंगटेमास्तर

बरोबर. एक भर घालतो: विसर्जनाच्या दिवशी गाडी ऑफिसच्या बेसमेंटमध्ये असेल तर ती रात्री बाहेर निघणार नाही. आदल्या दिवशीच घरी न्या.

---

उत्सवचौक

ठरलं. बुधवारी ७:१५ ला सेतूने, गुरुवारी त्याच वेळेला पांजरपोळने. पाच जागांच्या वेळा इथेच टाकतो. पास नाही, रविवार नाही, उड्डाणपूल नाही.