प्रोबेशनच्या कामातलं ‘कोचिंग’: मराठीत काय म्हणावं?

रामबागवाली: पुण्याच्या एका संस्थेसाठी प्रोबेशन अधिकाऱ्यांच्या (कोर्टाने तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांना सांभाळणारे) प्रशिक्षणाचा मजकूर मराठीत करतेय, ‘कोचिंग’पाशी अडलेय. आमच्या इंदूरला कोचिंग म्हणजे भंवरकुआंचा क्लासवाला भाग आणि एमपीपीएससीच्या, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या पाट्या. ‘समुपदेशन’ चालेल?

वकीलकाका: नको, ताई. समुपदेशक सहसा कोर्टाला अहवाल देत नाही, प्रोबेशन अधिकारी देतो. १९५८च्या प्रोबेशनच्या कायद्याचं कलम १४ बघा: देखरेख ठेवायची आणि गरज पडली तर काम मिळवून द्यायलाही झटायचं. प्रोबेशनचा सरकारी शब्द ‘परिवीक्षा’, त्यात नुसतं बघणंच आलं. ‘निगराणी’ तर चुकूनही लिहू नका, इकडे ‘निगरानी बदमाश’ म्हणजे ठाण्याच्या यादीतला माणूस.

माळवी मिसळ: मग सरळ ‘मार्गदर्शन’ लिहा की.

रामबागवाली: मार्गदर्शनात एकाने सांगायचं, दुसऱ्याने माना डोलवायच्या. इथे तसं नाही. समजा, बंधपत्रावर सुटलेला पोरगा दोन हजेऱ्या चुकवून आला. नुसती देखरेख असेल तर, ‘का नाही आलास? कोर्टाला कळवू?’ कोचिंगवाला अधिकारी म्हणेल, ‘त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांग.’ मग कळतं की हजेरी अकराची आणि सियागंज बाजारातली हमालीही त्याच वेळेला. हजेरी माफ होत नाही, पण मालकाकडे दोन तासांची सुट्टी कशी मागायची, हे पोराला तिथेच बोलून बघायला लावायचं. अडखळला की पुन्हा. अधिकारी मालक होतो, तो पोरगाच राहतो.

वकीलकाका: ब्रायन लोव्हिन्स आणि सहकाऱ्यांचा २०१८चा अमेरिकेतला लेख हेच सांगतो. अधिकाऱ्याने नुसता पंच न होता कोच व्हावं. पंच चूक झाली की शिट्टी वाजवतो, ती पुन्हा होऊ नये म्हणून घाम गाळायचं काम कोचचं.

माळवी मिसळ: अहो, मग ‘वस्ताद’! आखाड्यातला अस्सल शब्द. दमही भरतो, डावही घोटून घेतो.

वकीलकाका: शब्द झकास, पण कोर्टात ‘हा मोठा वस्ताद आहे’ म्हटलं की जामीन गेलाच समजा!

रामबागवाली: 😄 पण ‘घोटून घेतो’ आवडलं. म्हणजे नाम शोधत बसायला नको, क्रियापदं आहेतच आपल्याकडे: बोलतं करणं, ठरवायला लावणं, सराव करून घेणं. शीर्षकात ‘कोचिंग’ तसंच ठेवते, मजकुरात ही क्रियापदं.

माळवी मिसळ: ‘सराव करून घेणं’ ठीक, पण ‘ठरवायला लावणं’त जबरदस्तीचा वास येतो. त्यापेक्षा ‘त्याचं त्याला ठरवू देणं’.

रामबागवाली: घेतलं.

वकीलकाका: आणि ‘प्रोबेशनर’ नुसतं लिहू नका हं. बँकेत नवा लागलेला मुलगाही प्रोबेशनरच. पहिल्यांदा येईल तिथे ‘कोर्टाने प्रोबेशनवर सोडलेली व्यक्ती’ असं पूर्ण लिहा.