मदत हवी आहे: आईच्या हातातलं चुंबकाचं कडं

आईने भिशीतल्या मैत्रिणीकडून साडेतीन हजारांचं 'बायोमॅग्नेटिक' कडं घेतलंय. म्हणे, चुंबक रक्तातलं लोह ओढतो नि संधिवात पळतो. अहो, एमआरआयच्या दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) चुंबकात अख्खा माणूस जातो, तिथेही रक्त ओढलं जात नाही. हे कडं तर फ्रिजच्या दाराला धड चिकटत नाही! यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये संधिवाताच्या ७० रुग्णांवरचा अभ्यास छापला. चुंबकी पट्टी, तांब्याचं कडं, कशानेच नकली पट्टीपेक्षा जास्त गुण आला नाही. आई म्हणते, "मला येतोय ना!"

मनगट हिरवं पडलंय, ते एक वेळ चालेल. पण कड्याच्या भरवशावर बीपीची गोळी तिने परस्पर अर्धी केलीय. तिला न दुखावता परत पूर्ण गोळीवर कसं आणू? आणि अशा कड्यांच्या जाहिरातीची एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) कुणी तक्रार केलीय का?