डाऊनी रोगानं (केवडा) द्राक्षाचे घड गेले, विम्यात बसतंय का?

तासगाव, द्राक्ष:
ऑक्टोबर छाटणीची बाग, सुपर सोनाका वाण. ऐन फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला, चिखलात ट्रॅक्टर घालता येईना, फवारणी हुकली. पानावर तेलकट डाग, खालून पांढरी बुरशी अन् घड तपकिरी होऊन गळाले. हवामान आधारित विमा भरलाय. पंचनाम्याला कोण येतं?

मिरज, द्राक्ष:
कोणी येत नाही दादा. त्या विम्यात डाऊनी मोजतच नाहीत. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरचा पाऊस बघतात. ठरल्या तारखांत ठरल्या मिलिमीटरच्या वर गेला तर पैसे, नाहीतर नाही. तुमच्या बागेत धो धो अन् केंद्रावर भुरभुर असली की बोंबला! उलटंही होतं म्हणा, बाग ठणठणीत अन् खात्यावर रक्कम. तेव्हा कोणी तक्रार करत नाही. ट्रिगरचं, म्हणजे कोणत्या तारखांत किती पावसाला पैसे याचं, कोष्टक काढा अन् महावेधच्या (मंडळातल्या हवामान केंद्रांच्या) नोंदीला लावून बघा. गारपिटीचा जादा हप्ता भरला असेल तर ते प्रकरण वेगळं.

वाळवा, सोयाबीन:
आमच्या पंतप्रधान पीक विम्यात कीड-रोग धरलेत, खरिपाला २ टक्के हप्ता. पण पीक कापणी प्रयोगात (नमुन्याचे प्लॉट कापून मोजतात) अख्ख्या मंडळाचं उत्पादन उंबरठ्याखाली, म्हणजे ठरलेल्या पातळीखाली, यावं लागतं. पिवळा मोझॅक रोग एकट्याच्या रानात आला तर छदाम नाही.

तासगाव, द्राक्ष:
म्हणजे शेजाऱ्याचंही जावं लागतंय! आमचं सावळज मंडळ. नोंदी काढतो.